डायल नको, मशीन दाखवा

(जुन्या घड्याळांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देताहेत बेळगावचे एक जुने घड्याळजी.)

प्रश्न : काका, वडिलांचं फेवर ल्युबा घड्याळ माझ्याकडे आहे. १९५८ साली लग्नात आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, त्यांना दिलं असं घरात सगळे सांगतात. लग्नाच्या फोटोतही मनगटावर घड्याळ दिसतं. तो फोटो आणि झाकण उघडून काढलेले फोटो पाठवतेय. घड्याळ त्याच वर्षीचं आहे ना?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, डायलचे फोटो तुम्ही भरपूर पाठवलेत, पण डायल मी शेवटी बघतो. डायल रंगवून मिळते, काटे बदलतात, केस, म्हणजे बाहेरची पेटी, दुसऱ्या घड्याळाची बसते. मशीनवरचा नंबर खोडून नवा कोरायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. तुमच्या फोटोत तो स्पष्ट आहे : एफ. एल. २५१. या मशीनला एक सोडून दोन बॅरल, म्हणजे स्प्रिंगच्या डब्या आहेत, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या मेनस्प्रिंगही दोन. हे पातळ, दोन बॅरलचं मशीन कंपनीनं १९६२ साली बाजारात आणलं.

मग ५८ च्या लग्नात ते आलं कुठून? एक शक्यता अशी, की मूळ मशीन बिघडलं आणि नंतर कुणीतरी हे बसवलं. अशी कामं सर्रास व्हायची, पण त्याच्या खुणा राहतात. डायलचे पाय नव्या मशीनच्या भोकांत बसत नाहीत, मग ते कापून डायल चिकटवतात. मशीन हलू नये म्हणून कडेला पत्र्याची पट्टी कोंबतात. तुमच्या घड्याळात पट्टी नाही, चावीची दांडी केसच्या भोकात अगदी मधोमध येते, स्क्रूंच्या खाचाही शाबूत आहेत. मशीन याच केसमधलं आहे असं माझं मत.

आता झाकणाची आतली बाजू बघा. सुईनं कोरल्यासारखं '३-७-६६' दिसतंय? सर्व्हिसिंगला आलेल्या घड्याळाच्या झाकणात तारीख नाहीतर आपली खूण कोरून ठेवायची, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. मशीनचा नंबर एवढंच सांगतो की घड्याळ याच्या आधीचं नाही. ही तारीख सांगते, याच्या नंतरचं नाही. म्हणजे १९६२ ते जुलै १९६६. नवं घड्याळ पहिल्यांदा उघडायला दोन-तीन वर्षं जातात हे धरलं, तर खरेदी ६३-६४ च्या आसपासची.

आणि लग्नाचा फोटो? तो मोठा करून पाहिला. नवरदेवाच्या मनगटावरचं घड्याळ चौकोनी आहे हो! तुमच्याकडचं गोल. आजोबांनी दिलेलं घड्याळ ते चौकोनी असणार. त्याचं पुढं काय झालं ते आईंना विचारा. गोल घड्याळ वडिलांनी स्वतः घेतलं असेल, तर जुन्या ट्रंकेत पावती सापडायचीही शक्यता आहे. निपाणीची माणसं कागद टाकत नाहीत, हा माझा अनुभव.

प्रश्न : काका, ऑनलाइन 'एच.एम.टी. जनता, १९५५' घेतलं. डायल केशरी, एकदम झकास. खरंच ५५ चं असेल?
— बी.कॉम.चा विद्यार्थी, खानापूर

उत्तर : नाही रे बाबा. एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना १९६१ साली बेंगळुरूत निघाला, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं. ५५ साली एच.एम.टी.चं मनगटी घड्याळ नव्हतंच. तुझ्या डायलवर 'पॅराशॉक' लिहिलंय, ती धक्के झेलायची रचनाही सिटिझनचीच. केशरी रंग हल्ली कुणीतरी चढवलेला आहे. मिनिटांच्या बारीक रेघा भिंगातून बघ : कारखान्याच्या छपाईत त्या टोकदार असतात, तुझ्या डायलवर फुगल्यात आणि चाराच्या आकड्यापाशी तर खुणेला सोडून गेल्यात. मशीन मात्र अस्सल आहे, १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे चाकांच्या टोकांना घासू न देणारे बारीक खडे). बिनधास्त वापर. किंमत तेवढी ५५ ची दिलीस.

प्रश्न : पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांच्या घड्याळाच्या पाठीवर बाण आणि 'ए.टी.पी.' अशी अक्षरं आहेत. चुलते म्हणतात पहिल्या महायुद्धातलं. झाकण उघडत नाही, काय करू?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. ए.टी.पी. म्हणजे आर्मी ट्रेड पॅटर्न. ही घड्याळं दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करानं वेगवेगळ्या स्विस कंपन्यांकडून घेतली. त्यामुळे पहिलं महायुद्ध विसरा. मशीन बहुधा १५ ज्वेलचं निघेल. मराठा पलटणी इटलीत लढल्या, तिथंच १९४४ साली यशवंत घाडगे आणि १९४५ साली नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पणजोबा कुठल्या आघाडीवर होते ते डिस्चार्जच्या कागदात असेल.

झाकण सुरीनं उचकटू नका. आकड्यांवरचा पिवळट थर बहुतेक रेडियमचा, म्हणजे किरणोत्सारी आहे. अंधारात चमकत नाही म्हणजे तो निवला असं नव्हे. चमक देणारी पूड थकते, रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. बंद काचेआड ठीक आहे, पण थर खरवडायचा नाही, त्याची धूळ नाकातोंडात जाऊ द्यायची नाही. घड्याळजीकडे द्याल तेव्हा त्यानं झाकणाला हात लावायच्या आधी हे त्याला सांगा.