तुमचे प्रश्न : पाखंड्यांत शिरलेला श्रद्धाळू शिपाई

प्रश्न : माझ्या फँटसी कादंबरीचा नायक धर्मसेनेतला निष्ठावान शिपाई आहे. त्याला पाखंडी पंथात हेर म्हणून पाठवतात. पन्नास पानं झाली, पण तो नुसता मनात चिडतो आणि रात्री चोरून प्रार्थना करतो. ताण येत नाही. काय चुकतंय?

उत्तर : त्याची श्रद्धा फक्त डोक्यात राहिली आहे, ती अंगात आणा. वर्षानुवर्षं घास घेण्याआधी कपाळाला अंगठा लावणाऱ्याचा हात आपोआप उठतो. अर्ध्यावर भान येतं, मग तो भुवई खाजवतो. पहिल्या जेवणाला हे खपतं. तिसऱ्या जेवणाला समोरची म्हातारी त्याच्या अंगठ्याकडे बघत असते. असे प्रसंग चार-पाच पुरतात.

त्यासाठी पंथाचं आचरण आधी पक्कं हवं. एकच मतभेद घ्या आणि त्यातून रोजचे नियम काढा. मध्ययुगीन युरोपात कॅथर नावाचा, चर्चने पाखंडी ठरवलेला ख्रिस्ती पंथ होता. त्याचे लोक मानत, की हे जग दुष्ट शक्तीने घडवलं. म्हणून त्यांचे दीक्षित मांस, अंडी, दूध खात नसत, प्राणी मारत नसत, शपथही घेत नसत. शिपायाच्या तोंडात तर ‘देवाशपथ’ बसलेलं असतं! नुसत्या काळ्या झग्यांनी आणि रात्रीच्या मंत्रांनी पंथ उभा राहत नाही, आणि बहुतेक हस्तलिखितं इथेच फसतात.

दुसरं, त्याला परवानगी कशाची आहे ते ठरवा. वरिष्ठ धर्मगुरूने खोटं बोलायची मुभा दिली, परक्या प्रार्थनेत बसायचीही दिली, दीक्षा घ्यायची मात्र दिली नाही. आता कादंबरीच्या मध्यावर पंथ त्याच्यावर खूश होऊन दीक्षाच देऊ करतो. नकार दिला तर संशय, होकार दिला तर त्याच्या लेखी आत्मा गेला. तुमचा ताण इथे आहे.

प्रवेशासाठी त्याला एखादा कामधंदा द्या. आर्नो सिक्र हा चांभारकाम जाणणारा माणूस स्पेनमधल्या सांत मातेउ या गावात परागंदा कॅथरांमध्ये मिसळला आणि 1321 मध्ये त्यांचा गुरू बेलिबास्त याला त्याने पकडून दिलं. सिक्रला घराण्याची जप्त मालमत्ता परत हवी होती. तुमच्या शिपायाला असा मोबदला नको आहे, म्हणून त्याचं काम जास्त अवघड.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला तापसवेषातला हेर महिन्या-दोन महिन्यांनी मूठभर जव किंवा भाजी चारचौघांत खातो, आणि हवं ते गुपचूप जेवतो. तुमचा शिपाई असं करेल का? उपवास म्हटल्यावर तो खरोखर उपाशी राहील. आणि खरा पाळलेला नियम कोणाचा, त्याच्या देवाचा की पाखंड्यांचा, हे त्यालाच सांगता येणार नाही. यावर एक अख्खं प्रकरण खर्च करा.

प्रश्न : तो हळूहळू पंथाकडे झुकतो आणि बातम्या लपवू लागतो. वरिष्ठांना हे कसं कळेल?

उत्तर : तिघा हेरांचं म्हणणं जुळलं की मगच बातमी खरी मानावी, असं कौटिल्य सांगतो. म्हणजे त्याच वस्तीत आणखी दोघं असू द्या, एकमेकांना अनोळखी. त्याने अहवालातून कोणाचं नाव गाळलं, हे त्या दोघांच्या अहवालांवरून उघडं पडेल. ते दोघं कोण हे वाचकाला लगेच सांगू नका. त्यातली एक ती म्हातारी असू शकते.