ताज्या माकुलाला मीठ लावल्यावर त्याचे हात हलतात. ते जिवंत असतं का? त्याला दुखतं का?

तुम्ही लिहिलंय की लग्नानंतर पहिल्यांदाच गुहागरला सासरी गेलात, सकाळी होडीवरून आलेली माकुलं (स्क्विड) साफ करून त्यांना मीठ-हळद चोळलीत, आणि कापलेले हात ताटात वळवळायला लागले. तुम्ही ताट तसंच टाकून उठलात. घरचे म्हणाले, ‘मेलंय ते, काही होत नाही.’ तरी त्या दिवशी तुमच्या घशाखाली घास उतरला नाही.

आधी उत्तर देते. त्या हातांना दुखलं नाही. पण ते हात पूर्ण मेलेलेही नव्हते. घरच्यांचं म्हणणं आणि तुमचं वाटणं, दोन्हींत तथ्य आहे. कसं ते सांगते.

माझी आई हर्णैला मासळी विकायची. मी पुढे शरीरक्रियाशास्त्र शिकले आणि आता तेच शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी भेटलाय. बैलगाडीतून वाळूवर मासळी उतरली की आई माकूल उचलून त्याच्या अंगावर बोटाने टिचकी मारायची. मग नीट बघितलं तर दिसायचं, पांढुरक्या कातडीवर मोहरीएवढे तांबूस ठिपके एकदम उमलायचे, बाजरीच्या दाण्याहून लहान व्हायचे, पुन्हा उमलायचे. कधीकधी टिचकी न मारताही अंगावरून रंगाची लाट सरकत जायची, शेतावरून ढगाची सावली जावी तशी. ज्याच्या अंगावर ठिपके खेळतात ते ताजं, एवढाच आईचा हिशोब. तो बरोबर होता. प्रत्येक ठिपका म्हणजे रंगाची एक लवचिक पिशवी असते. तिला चहूबाजूंनी बारीक स्नायू ताणतात, आणि त्या स्नायूंना थेट मेंदूकडून आलेल्या चेतापेशी, म्हणजे निरोप नेणाऱ्या पेशी, चालवतात. माकूल मेलं की मेंदूची आज्ञा थांबते, पण ते स्नायू आणि त्यांच्यापर्यंत आलेले चेतापेशींचे तंतू लगेच मरत नाहीत. मालक गेला तरी घरातले दिवे लगेच विझत नाहीत, तसं.

प्राणी मरतो एका क्षणी, पण त्याच्या पेशी एका क्षणी मरत नाहीत. आईच्या टोपलीत लहान मोरी, म्हणजे छोटा शार्क, असायची. तिचं पोट फाडून काळीज बाहेर काढलं तरी ते तळहातावर बराच वेळ ठोके देत राहायचं. लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं काळीज असंच शरीराबाहेर ठेवून त्याला मिठाच्या पाण्यावर चालवत होते. काळीज छान चालायचं. मग लक्षात आलं की मदतनिसाने ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी साधं नळाचं पाणी वापरलं होतं. शुद्ध पाणी घेतल्यावर ठोके मंदावत गेले. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं आणि त्याच्याशिवाय काळजाचा स्नायू आकसतच नव्हता. हे त्यांनी १८८३ साली छापलं. आपल्याकडे शिंपले भाजून चुना करायचे, त्या चुन्यातलंच हे कॅल्शियम. दवाखान्यात ‘रिंगर लॅक्टेट’ची बाटली लावतात, ते नाव या गृहस्थांचं.

आता मिठाकडे येऊ. प्रत्येक चेतापेशीच्या आतबाहेर विजेचा फरक असतो. आतली बाजू ऋण, साधारण एका व्होल्टच्या पंधराव्या भागाइतकी. पेशी अन्नातली ऊर्जा खर्चून, सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलून, हा फरक टिकवते. तोफेत बार भरून ठेवावा तसं हे आहे. माकूल मेल्यावरही पेशीत थोडी ऊर्जा उरलेली असते, म्हणून बार भरलेलाच असतो. तुम्ही चोळलेलं मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. त्याने कापलेल्या जागी बाहेरच्या क्षारांचं प्रमाण एकदम बदलतं, आतबाहेरचा फरक ढळतो, एका मर्यादेपलीकडे गेला की पेशीची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि झटका तंतूवरून धावत जातो. पुढे स्नायू आकसतो. तुम्ही ताटात पाहिलं ते हेच. उरलेली ऊर्जा संपली की हालचाल थांबते आणि स्नायू ताठरतात, कारण आकसलेल्या स्नायूला सुटायलाही ऊर्जा लागते. बाजारात बांगडा हातात आडवा धरून तो ताठ राहतो का बघतात, तो हाच ताठरपणा. जाळ्यात खूप झगडलेल्या माशाची ऊर्जा आधीच संपलेली असते, म्हणून तो लवकर ताठ होतो.

हे सगळं आपल्याला कळलं ते मुख्यतः माकुलाकडूनच. या प्राण्याच्या धडात एक तंतू असतो, अर्धा मिलिमीटर, कधी त्याहूनही जाड. आपल्या अंगातला जाडात जाड तंतू याच्या पंचविसाव्या भागाएवढा. संकट आलं की माकूल धडातलं पाणी जोरात सोडून मागे उडी घेतं. त्यासाठी धडाचे सगळे स्नायू एकाच वेळी आकसायला हवेत. निरोप वेगाने पोचायला आपल्या तंतूंवर चरबीचं वेष्टण असतं. माकुलाकडे ते नाही, म्हणून त्याने तंतूच जाड केला. प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी १९३६ साली हा तंतू ओळखून दाखवला. १९३९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या प्लिमथ बंदरात हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी तंतूच्या पोकळीत केसासारखी बारीक नळी सारून आतली वीज प्रत्यक्ष मोजली. काही आठवड्यांतच महायुद्ध पेटलं आणि काम सुटलं. युद्ध संपल्यावर ते परत आले आणि १९५२ साली त्या झटक्याचं पूर्ण गणित मांडलं. आकडेमोड हाताने फिरवायच्या यंत्रावर केली. १९६३ चं नोबेल त्यांना मिळालं, एकल्स यांच्यासोबत.

यातला एक प्रयोग मी वर्गात दर वर्षी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. १९६१ साली हॉजकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुटा काढलेला तंतू घेतला, त्यावर लहानसा रूळ फिरवून आतला जवळजवळ सगळा गर टूथपेस्टसारखा पिळून काढला आणि रिकाम्या नळीत नुसतं पोटॅशियमच्या क्षाराचं पाणी भरलं. तंतू तरीही झटके देत राहिला. प्राणी नाही, मेंदू नाही, पेशीतला गरही जवळजवळ नाही, तरी झटका आहे. म्हणजे झटका असणं आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुखायला ते जाणणारं कोणीतरी लागतं. माकुलाचा मेंदू दोन डोळ्यांच्या मधे, कुर्चेच्या (मऊ हाडासारख्या) डबीत असतो. साफ करताना आपण डोकं ओढून धडापासून वेगळं करतो, मग डोळ्यांच्या पुढून सुरी फिरवून हातांचा झुबका सोडवतो. तुमच्या ताटातल्या हातांना मेंदू जोडलेलाच नव्हता. पण या जातीच्या हातांत स्वतःच्या चेतापेशी भरपूर असतात. ऑक्टोपसच्या साधारण ५० कोटी चेतापेशींपैकी दोन तृतीयांश हातांतच असतात. तुटलेला हातसुद्धा टोचलं तर मागे येतो. म्हणून ती वळवळ इतकी समजून-उमजून केल्यासारखी दिसते आणि आपल्या पोटात कालवतं.

हाच वाद दीडशे वर्षांपूर्वी बेडकावरून झाला होता. जर्मनीत फ्ल्यूगर यांनी १८५३ साली दाखवलं की डोकं नसलेल्या बेडकाच्या अंगावर आम्लाचा थेंब ठेवला तर तो पायाने पुसून टाकतो, आणि तो पाय कापला तर दुसऱ्या पायाने पुसायला बघतो. त्यावरून त्यांचं म्हणणं पडलं की मेरुरज्जूतही, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या चेतांच्या दोरीतही, जाणीव आहे. गोल्ट्झ यांनी १८६९ साली वेगळी परीक्षा केली. पाणी हळूहळू तापवलं. मेंदू काढलेला बेडूक बसून राहिला. अख्खा बेडूक बाहेर पडायची धडपड करू लागला. (‘हळूहळू तापवलं तर बेडकाला कळतच नाही’ ही गोष्ट भाषणांमधून सतत ऐकवली जाते. ती अख्ख्या बेडकाला लागू नाही, कृपया पुढे पाठवू नका.) जे कळणं अख्ख्या बेडकात होतं, ते मेरुरज्जूत नव्हतं. जे उरलं होतं त्याला आपण प्रतिक्षिप्त क्रिया (रिफ्लेक्स) म्हणतो. तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि चटका मग कळतो, तेव्हा आपल्यातही तेच घडतं. तीव्र कळ लगेच येते, आणि ठणका क्षणभर मागून, कारण ठणक्याचे तंतू फार बारीक आणि हळू, सेकंदाला जेमतेम मीटरभर जाणारे.

इथपर्यंत मी तुमच्या घरच्यांच्या बाजूने बोलले. आता दुसरी बाजू.

मी बी.एस्सी.ला असताना बेडकाचं प्रात्यक्षिक असायचं. बेडकाच्या मानेत सुई घालून आधी मेंदू निकामी करायचा, मग पुढचं काम. माझ्यासमोरच्या ट्रेमधला बेडूक टाचण्या लावून उताणा पडला होता. कापसाचं टोक त्याच्या बुबुळाला चुकून लागलं आणि त्याने पापणी मिटली. मी शिकवणाऱ्यांना बोलावलं. ते म्हणाले, ‘रिफ्लेक्स आहे, चालू दे.’ मी चालू ठेवलं. वर्षभराने पुस्तकात वाचलं की बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी मिटणं ही मेंदूच्या बुडातून जाणारी क्रिया आहे, आणि सुई नीट बसली की नाही हे तपासायची ती खूणच आहे. पापणी मिटली म्हणजे मेंदू शाबूत होता. रिफ्लेक्स होताच, पण तो कुठून येत होता हे कोणी विचारलं नाही, आणि मीही नाही. ती पापणी मला अजून दिसते. यूजीसीने २०१४ मध्ये पदवीच्या वर्गांतली अशी विच्छेदनं बंद करायला लावली, तेव्हा मला मोकळं वाटलं.

म्हणून ‘रिफ्लेक्स आहे’ एवढ्यावर मी कोणाला सोडत नाही. चिंबोरीचंच (खेकड्याचंच) घ्या. आपल्याकडे जिवंत चिंबोरीचे डेंगे (नांग्या) मोडतात, नाहीतर ती तशीच उकळत्या पाण्यात टाकतात, आणि धडपडली की ‘ते आपोआप होतं’ म्हणतात. पाय गाळणं आपोआप होतं, हे खरं आहे. पायाच्या मुळाशी तुटायची जागा ठरलेली असते, तिथून ती स्वतः पाय सोडते आणि जखम लगेच बंद होते. पण बेलफास्टचे रॉबर्ट एलवूड यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना बारीक विजेचे झटके देऊन पाहिले, आपल्या किनाऱ्यावर शंख घेऊन पळतात तसले. नावडता शंख असेल तर खेकडा लवकर सोडून जायचा. आवडता असेल तर सोसत राहायचा. नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेला शंख चांगला की वाईट हे कळत नाही. तिथे काहीतरी तोलून बघितलं जातंय. ब्रिटनने २०२२ च्या प्राणिकल्याण कायद्यात खेकडे, कोळंबीच्या जातीचे प्राणी आणि माकूल-ऑक्टोपस यांना संवेदनक्षम म्हणून घेतलं, ते अशाच अभ्यासांच्या आधारावर.

माझं मत असं: जिवंत चिंबोरीला दुखतं असंच धरून चालावं.

तुम्ही पुन्हा गुहागरला जाल तेव्हा असं करा. चिंबोऱ्या आणल्या की मोठ्या भांड्यात भरपूर बर्फाचा चुरा घालून त्यात दाबून ठेवा, अर्धा तास तरी. हलायच्या थांबल्या, डोळ्यांना काडी लावली तरी आत ओढेनात, मग उताण्या करा. पोटावर झडप असते, नराची निमुळती, मादीची रुंद. ती उचलून खाली दिसणाऱ्या खोलगट जागी टोकदार सुरी आरपार घाला, आणि मग दुसरी डोळ्यांच्या मधल्या जागी. खेकड्याची चेताकेंद्रं या दोन ठिकाणी असतात. दहा सेकंदांचं काम. त्यानंतर पाय हलले तर हलू देत, ते तुमच्या माकुलासारखंच. डेंगे यानंतरच मोडायचे. पाय गळत नाहीत, रस्साही चांगला होतो, हे सासूबाईंना सांगा. त्यांना ते पटकन पटेल.

आणि माकूल जिवंत हाती लागलं तर साफ करायला घेण्याआधी डोळ्यांच्या मधे सुरी घाला. त्याच क्षणी अंगाचा रंग उडून ते पांढरंफटक पडतं. ठिपक्यांना ताणून धरणारी मेंदूची आज्ञा तुटते ना, म्हणून. नंतर थोड्या वेळाने ठिपके आपापले पुन्हा खेळायला लागतील. तेव्हा उठून जाऊ नका, जवळून बघा.