द्वादशीला जा आणि बसून राहा

प्रश्न : ताई, मी गुहागरची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामाचा जुना कॅमेरा आणि ३०० मिमीची लेन्स मिळालीय. रोज सकाळी समुद्रावर कुरवांचे (सीगल पक्ष्यांचे) फोटो काढायला जाते, पण जरा जवळ गेलं की थवा उडतो. मित्र म्हणतो, धावत जाऊन मुद्दाम उडवायचे, उडतानाचे फोटो झकास येतात. तसं करू का?

उत्तर : नको गं, अजिबात नको. त्या थव्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख, तिबेट, मध्य आशियातल्या तळ्यांवरून आलेले असतात. थंडी सरली की तेवढंच अंतर परत कापायचंय, आणि त्यासाठी अंगात जे साठवायचं ते इथे आपल्या किनाऱ्यावर. एकदा उडवलं की खाणं थांबतं, विसावा मोडतो. तुझ्यामागून कुत्रा येतो, मग वाळूत घातलेली पर्यटकांची गाडी.

हे सांगते, कारण मी केलंय. आंजर्ल्याला, जोग नदीच्या मुखाशी, एकाच सकाळी मी तोच थवा चार वेळा उडवला. चौथ्या वेळी ते लांब गेलेच नाहीत. वीसेक पावलांवर पुन्हा टेकले आणि चोची पिसांत खुपसून बसले. घरी येऊन फोटो बघते तर साऱ्या पाठी आणि शेपट्या. त्या दिवसापासून पक्ष्यांकडे चालत जाणं मी सोडलं.

आता काय करायचं ते ऐक. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना भरतीचं गणित विचार : तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहाला भरती, द्वादशीला नऊला. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण. थोडं मागेपुढे होतं, पण कामापुरतं पुरे. ओहोटीला पक्षी लांब ओल्या वाळूत पांगलेले असतात. पाणी चढू लागलं की ती पट्टी अरुंद होत जाते आणि समुद्रच त्यांना तुझ्याकडे सरकवतो. म्हणून द्वादशी-त्रयोदशीला सातच्या सुमारास जा. भरतीच्या रेषेच्या वर, सुक्या वाळूत बैस, जमलं तर पालथी पड. आपला समुद्र पश्चिमेला, तेव्हा ऊन तुझ्या पाठीशी आणि त्यांच्या अंगावर.

पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच घडणार नाही. तेव्हा उठू नकोस. आधी चिखल्या येतील, किनाऱ्यावरचे छोटे पक्षी : मूठभर जीव, चार पावलं तुरुतुरु धावायचं, थबकायचं, टोचा मारायचा. त्यांच्यामागे कुरव. नाव तपकिरी डोक्याचा, पण हिवाळ्यात डोकं पांढरंशुभ्र, कानापाशी बोट टेकवल्यासारखा काळपट डाग तेवढा. लाल चोचीचं टोक काळं आणि बुबुळ फिकट, काचेसारखं. ते बुबुळ फोटोत आलं की समज जमलं.

आणि उडतानाचा फोटो? तो आपोआप मिळतो. पक्षी उडतात नि टेकतात ते वाऱ्याला तोंड देऊन. हिवाळी सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटलेला असतो, म्हणजे त्यांची तोंडं तुझ्याच दिशेला. शटर १/१६०० सेकंद ठेव. ओल्या वाळूवर पांढरं अंग फार उजळतं, म्हणून एक्स्पोजर थोडं खाली आण. पंखाच्या काळ्या टोकातला पांढरा ठिपकाही दिसेल.

प्रश्न : माझ्याकडे नुसता मोबाईल आहे. दापोलीला आठ दिवस येणार आहे. पक्षी तर त्यात टिपकागदावरच्या शाईएवढे दिसतात!

उत्तर : मग पक्षी सोडून द्या, खाली बघा. ओहोटीला वाळूवर बारीक गोळ्यांच्या रांगा दिसतील. इवले खेकडे वाळूतलं खाद्य काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकतात. बिळापाशी पाच मिनिटं निश्चल बसलात की ते बाहेर येतात. सावली मात्र बिळावर पडू देऊ नका.

खाडीच्या कडेला तिवराचं पान न्याहाळा. तिवर मुळांवाटे आलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं, त्याचे कण पानावर चमकताना दिसतात. जीभ लावून पाहा, खारट लागतं. पांढरी चिप्पी तिथेच सापडेल. ती २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. तिचं फूल रात्री उमलतं आणि सकाळपर्यंत पांढरे केसर गळतात, त्यामुळे उजाडताच पोहोचा. चिखलातून वर आलेल्या मुळांवर पाय देऊ नका, झाड त्यांतून श्वास घेतं.

लेन्सवर खारा तुषार बसला तर सदऱ्याने कोरडं पुसू नका, ओरखडे पडतात. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेलं मऊ कापड फिरवा.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमच्या वाडीतल्या सुरूवर समुद्री गरुडाने घरटं केलंय. फोटो काढून ग्रुपवर टाकू का?

उत्तर : पिल्लं उडेपर्यंत टाकू नका, ठिकाण तर कुणालाच सांगू नका. एक फोटो गेला की रविवारी दहा कॅमेरे झाडाखाली उभे राहतात, मादी उठते आणि कावळे टपलेलेच असतात. फोटो हवाच तर लांब किनाऱ्यावर थांबा आणि मासा घेऊन येणारा गरुड टिपा. पिल्लं गेल्यावर सुरूखाली जाऊन बघा : माशांची हाडं, समुद्रसापांचे मणके पडलेले सापडतील. त्यांचे फोटो काढा आणि मला जरूर पाठवा.