पहिला डेस्कटॉप सोलापुरात जोडताय? यादीतला फ्री पॉवर सप्लायही तपासा

दादा, तुमची गरज अशी दिसते: मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, घर अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ, काम कोडिंग आणि व्हिडिओ लेक्चरचं, ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी. दुकानातून मिळालेल्या यादीत रायझन ५ ५६००, ८ जीबीची एक रॅम, ५१२ जीबी एसएसडी, काचेचं चमकणारं कॅबिनेट आणि त्यासोबत ‘४५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) फ्री’ आहे.

ही यादी अशीच घेतली तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. रायझन ५ ५६०० या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स, म्हणजे चित्र तयार करणारा भाग, नाही. मदरबोर्डला एचडीएमआय पोर्ट असला तरी त्यातून चित्र यायला प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स लागतं. नावाच्या शेवटचं अक्षर नीट वाचा. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे. इंटेलचा आय३ १२१०० चालेल, पण १२१००एफ घेतला तर पुन्हा तीच पंचाईत.

पुढच्या वर्षी कार्ड नक्की येणार असेल, तर माझं मत रायझन ५ ७६०० आणि ए६२० किंवा बी६५० बोर्ड. याचं ग्राफिक्स लहान आहे, गेमला पुरणार नाही, पण कोडिंग, ब्राउझर, व्हिडिओ आरामात. याचं सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा, एएम५ आहे आणि एएमडीने ते २०२७ आणि त्यापुढेही चालवण्याचं सांगितलंय, म्हणजे नंतर फक्त प्रोसेसर बदलता येईल. कार्ड येण्याची खात्री नसेल तर ८६००जी घ्या, त्याचं ग्राफिक्स बरंच ताकदीचं आहे. ८५००जी मात्र तुमच्यासाठी नको. कार्डाला तो चारच लेन (डेटाच्या वाटा) देतो, पुढे घेतलेलं कार्ड अडखळेल. एएम५ बजेटबाहेर जात असेल तर ५६००जी वाईट नाही, फक्त तो पीसीआयई ३.० वरच, म्हणजे कार्डाच्या जोडणीच्या जुन्या, कमी वेगाच्या पिढीवर चालतो हे धरून चला.

रॅम १६ जीबीच्या खाली नको. ८६००जी किंवा ५६००जी घेतला तर ८ च्या दोन घ्या, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि एका काडीवर त्याचा वेग फार पडतो. ७६०० असेल तर आज १६ ची एक आणि नंतर तशीच दुसरी, हेही चालेल. एसएसडी १ टीबीची एनव्हीएमई, हा वेगवान प्रकार. त्याच एम.२ आकारात साटा या संथ प्रकारच्या एसएसडीही मिळतात, म्हणून खोक्यावर ‘एनव्हीएमई’ लिहिलंय ना ते पाहा.

आता तो फ्री एसएमपीएस. त्याच्या बाजूचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत त्याला १२ ने गुणा. १६ अँपिअर असतील तर १९२ वॉट, वर ४५० छापलेलं असलं तरी. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर जगतात. चांगल्या ५५० वॉटच्या सप्लायला हा आकडा ४३ ते ४५ अँपिअर असतो. ८० प्लस ब्रॉन्झ बघा, पण ते कार्यक्षमतेचं माप आहे, मजबुतीचं नाही. म्हणून ५ वर्षांची वॉरंटी हवी. तिसरी गोष्ट लेबलवरचं इनपुट. स्वस्त सप्लायवर २००-२४० व्होल्ट असतं. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळीकडे कूलर, एसी लागले की व्होल्टेज खाली येतो आणि असा सप्लाय मशीन रीस्टार्ट करत बसतो. १००-२४० लिहिलेला घ्या.

सोबत यूपीएस. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसच्या क्षमतेचं माप) यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, कार्ड नसताना तो मॉनिटरसह पुरतो. कार्ड आलं की १००० व्हीएकडे जा. आतली बॅटरी आपल्या उन्हात लवकर दम तोडते, दोन-तीन वर्षांत बदलायची तयारी ठेवा. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नका.

अर्थिंग आधी तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मशीन बिघडलेलं नसतं. सप्लायमधल्या फिल्टरची किंचित गळती अर्थिंगमधून जायला हवी, ती वाट नसल्याने पत्र्यावर येते. वायरमनकडून मल्टिमीटर लावून घ्या: फेज-अर्थिंग आणि फेज-न्यूट्रल जवळपास सारखं, न्यूट्रल-अर्थिंग २-३ व्होल्टच्या आत.

कॅबिनेटबद्दल तुमच्या भागात जास्तच जपायला हवं. यंत्रमागांजवळच्या हवेत नुसती धूळ नसते, सुताचे तंतू असतात. ते प्रोसेसरवरच्या कूलरच्या पातळ पत्र्यांमध्ये अडकून पातळ गोधडीसारखा थर बसतो, मग पंखा कितीही फिरला तरी हवा आत जात नाही. समोर काच असलेलं कॅबिनेट नकोच. समोर जाळी, जाळीमागे काढता येणारा फिल्टर, पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून कचरा ओढला जात नाही. फिल्टर महिन्यातून एकदा धुवा, पूर्ण वाळवून बसवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

खोलीचं तापमान जितकं वाढतं, साधारण तितकंच प्रोसेसरचंही वाढतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ असताना ७६०० सोबत मिळणारा लहान कूलर ओरडायला लागतो. १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर लावा, उंची कॅबिनेटमध्ये मावते का ते आधी बघा. तो लगेच जमत नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) कमी विजेचा इको मोड ४५ वॉटवर ठेवा, कोडिंगमध्ये फरक जाणवणारही नाही.

जोडताना: एएम५ च्या पिना बोर्डावर असतात, प्रोसेसर सरळ वरून ठेवायचा, दाबायचा नाही. सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण उडून बाहेर येतं, ते जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना लागतं. रॅमच्या चार जागा असतील तर प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी. सप्लायच्या दोन ८ पिनी वायरी वेगळ्या असतात. ‘सीपीयू’ छापलेली बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात जाते, ‘पीसीआयई’ची कार्डाला. नंतर बायोसमध्ये एक्सपो (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगाने चालत राहील.

बिल जीएसटीचं घ्या, प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर त्यावर लिहून घ्या आणि वॉरंटीत पार्ट पुण्याला पाठवायचा झाला तर कुरिअरचा खर्च कुणाचा, ते पैसे देण्याआधी विचारा.

आणि पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरतील पण स्क्रीन काळीच राहील. डीडीआर५ रॅमची जुळणी चालू असते, काही मिनिटं लागतात. त्या वेळात मेन स्विच बंद करू नका.