होपवेल फर्नेस ही लोखंडाची जुनी भट्टी का बंद पडली?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली ही झोतभट्टी मार्क बर्ड यांनी 1771 मध्ये उभारली. खनिज, चुनखडी आणि पाणी जवळच होतं, पण खरी श्रीमंती भोवतालच्या जंगलाची. भट्टी लोणारी कोळशावर चालायची आणि ती सुरू असताना दिवसाला साधारण एक एकर रानातलं लाकूड लागायचं!

तो कोळसा पाडणं हे मला सगळ्यांत अवघड काम वाटतं. लाकडांची उतरंड रचून ती पालापाचोळा आणि मातीनं लिंपायची, आत धुमसत ठेवायची आणि कित्येक दिवस रात्रंदिवस राखण करायची. मातीला भगदाड पडून हवा आत शिरली, तर सगळ्याची राख. भट्टीला वारा घालणारं यंत्र पाण्याच्या चाकावर फिरायचं.

स्वातंत्र्ययुद्धात इथे तोफा आणि गोळे ओतले गेले. तरी बर्ड कर्जात बुडाले आणि भट्टी हातची गेली. पुढे व्यवस्थापक क्लेमेंट ब्रूक यांच्या काळात बिडाच्या शेगड्यांनी तिला वैभव दाखवलं.

मग दगडी कोळसा आला. तो वापरणाऱ्या मोठ्या भट्ट्या कमी खर्चात कितीतरी जास्त लोखंड काढू लागल्या. होपवेलनंही 1853 मध्ये अँथ्रसाइटवर, म्हणजे कठीण दगडी कोळशावर, चालणारी भट्टी बांधून पाहिली, ती टिकली नाही. जुनी भट्टी मात्र 1883 पर्यंत धगधगत राहिली. 1938 पासून ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.