उत्तर: अलिशा लेमनच्या आधी स्विस महिला फुटबॉलमध्ये कोण होतं?

तुमचा प्रश्न असा: 2025 चा महिला युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, स्वित्झर्लंडमध्ये झाला, यजमान संघ पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरीत गेला, बासेल, बर्न, जिनिव्हाची स्टेडियम खच्चून भरली. पण इंटरनेटवर स्विस महिला फुटबॉल शोधलं की एकट्या अलिशा लेमनचेच फोटो दिसतात. तिच्या आधी मोठी म्हणावी अशी कोणी होती का, आणि इतक्या छोट्या देशातल्या मुलीची व्यावसायिक कारकीर्द घडते तरी कशी?

होती, आणि एकापेक्षा जास्त होत्या. पण एकीच्याच कारकिर्दीतून सगळं समजून घ्यायचं असेल तर मी लारा डिकेनमानचं नाव घेईन. नुसतं कौशल्य बघायचं तर रामोना बाखमान सरस, चेंडू पायाला चिकटल्यासारखी पळायची. आकडे बघायचे तर आना-मारिया च्रनोगोर्चेविच. स्वित्झर्लंडकडून सर्वाधिक सामने आणि सर्वाधिक गोल हे दोन्ही विक्रम तिच्या नावावर आहेत, पुरुष खेळाडू धरूनसुद्धा. तरीही मी लाराच निवडतो, कारण घरच्या देशात पुढे जायला वाट नसताना वाट कशी काढायची हे तिच्याकडे पाहून सगळ्यात स्वच्छ कळतं.

वाट नव्हती म्हणजे काय, ते आधी सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना राष्ट्रीय पातळीवर मतदानाचा हक्क मिळाला 1971 मध्ये. महिला फुटबॉलची संघटना उभी राहिली 1970 मध्ये, म्हणजे त्याच सुमाराला. त्याआधी 1965 मध्ये वाले प्रांतातल्या मादलेन बोल नावाच्या 12 वर्षांच्या मुलीला सिओन क्लबाकडून खेळायचा परवाना मिळाला होता. सिओनच्या गालातासराय विरुद्धच्या युरोपियन सामन्याआधी मुलांचा एक सामना झाला, त्यात ती खेळली, वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि मुलीला परवाना चुकून दिला गेला असं म्हणत संघटनेनं तो काढून घेतला. पुढे ती खेळली, पण त्यासाठी तिला इटलीला जावं लागलं. स्विस महिला फुटबॉलमधलं पहिलं ठळक नाव हे, आणि त्या पहिल्या नावालाच सीमा ओलांडावी लागली.

लाराचा जन्म 27 नोव्हेंबर 1985 चा, लुसर्नजवळच्या क्रीन्सचा. गावच्या क्लबात मुलांबरोबर खेळत मोठी झाली. त्या पिढीतल्या जवळजवळ सगळ्याच मुलींची सुरुवात अशी, कारण मुलींचे वेगळे संघ फार थोडे होते. 2002 मध्ये, वयाच्या 16 व्या वर्षी ती राष्ट्रीय संघात आली. सोळाव्या वर्षी देशाचा शर्ट अंगावर येतो तेव्हा दोन गोष्टी एकदम कळतात: मुलगी असामान्य आहे, आणि संघात तिच्या वरचढ फारशा कोणी नाहीत. दुसरी गोष्ट खेळाडूच्या वाढीला घातक असते. स्विस लीगमध्ये तेव्हा खेळाडू दिवसभर नोकरी किंवा शिक्षण करायच्या आणि संध्याकाळी सरावाला यायच्या. तिथंच राहिली असती तर ती दर हंगामात ढीगभर गोल करून लीगची राणी झाली असती आणि स्वित्झर्लंडबाहेर तिचं नाव कोणाला कळलं नसतं.

ती अमेरिकेला गेली. 2004 ते 2007 ओहायो स्टेट विद्यापीठाकडून खेळली. हा निर्णय आज साधा वाटतो, पण तेव्हाची परिस्थिती बघा. अमेरिकेत 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानं सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुली आणि मुलांमध्ये भेदभाव करायला मनाई केली. त्यात खेळही आले. विद्यापीठांना मुलींचे संघ उभे करावे लागले, त्यांना शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या, आणि फुटबॉल हा त्यातला मोठा खेळ ठरला. परिणाम असा की युरोपातल्या बहुतेक क्लबांकडे मुलींसाठी धड मैदान नव्हतं त्या काळात अमेरिकी विद्यापीठाकडे हिरवळीचं मैदान, पूर्णवेळ प्रशिक्षक, जिम, फिजिओ असं सगळं होतं, आणि वर पदवी मिळत होती. लारासारख्या मुलीला रोज सराव करायला मिळेल अशी जगातली ती सगळ्यात खात्रीची जागा होती.

पण तिचा नेम एका बाबतीत चुकण्यासारखा होता, आणि दोष तिचा नव्हता. अमेरिकेतली व्यावसायिक महिला लीग 2003 मध्येच बंद पडली होती. नवी लीग सुरू व्हायला 2009 उजाडलं. तिची विद्यापीठाची चार वर्षं नेमकी त्या पोकळीत संपली. शिक्षण झालं, खेळ बहरात आला, आणि त्या देशात पगार देऊन खेळवणारी लीगच नव्हती. तिथं थांबण्यात अर्थ नव्हता. ती युरोपात परतली आणि 2009 मध्ये ल्यों क्लबात दाखल झाली.

आता ल्योंबद्दल थोडं विस्तारानं, कारण माझ्या मते तिच्या कारकिर्दीचा गाभा इथं आहे. ल्योंचे तेव्हाचे अध्यक्ष जाँ-मिशेल ओलास यांनी 2004 मध्ये शहरातला एक महिला संघ आपल्या क्लबात सामावून घेतला आणि त्यावर खरोखर पैसा लावला. पुरुष संघाच्या सोयीसुविधा, पगार, परदेशी खेळाडू. लारा आली तेव्हा तिथं लोटा शेलिन होती, लुईझा नेसीब, कामिय आबिली, सोनिया बोंपास्तोर होत्या, आणि विशीत पाऊल ठेवणारी वेंडी रनार होती. स्वित्झर्लंडसाठी जी पहिली पसंती, तिला या संघात जागेसाठी रोज झगडावं लागणार होतं. कधी सुरुवातीपासून मैदानात, कधी बाकावर. एका बाजूला देशाचा सगळा भार खांद्यावर, दुसऱ्या बाजूला क्लबात बदली खेळाडू म्हणून उठायची तयारी. हे दुहेरी आयुष्य ती सहा वर्षांहून जास्त जगली. माझ्या पाहण्यात बरेच खेळाडू यात मोडतात, कारण देशात मिळणारा मान त्यांना क्लबातही हवा असतो. लारानं तसा हट्ट धरला नाही, आणि तिची उंची मला तिथं दिसते.

चँपियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या 2010 च्या अंतिम सामन्यात, माद्रिदजवळच्या हेताफेमध्ये, ल्यों आणि जर्मनीचा टुर्बिन पोट्सडाम समोरासमोर आले. स्पर्धेला चँपियन्स लीग हे नाव मिळालं ते पहिलंच वर्ष. गोलशून्य बरोबरी, मग पेनल्टी, आणि पोट्सडाम 7-6 नं जिंकलं. पुढच्याच वर्षी 26 मे 2011 ला लंडनच्या क्रेव्हन कॉटेज मैदानावर पुन्हा तेच दोन संघ. रनारनं 27 व्या मिनिटाला गोल केला. त्यानंतर तासभर एका गोलाची आघाडी. ज्यांनी असे सामने पाहिलेत त्यांना ठाऊक आहे, आदल्या वर्षी पेनल्टीवर हरलेल्या संघाला एका गोलाची आघाडी किती तोकडी वाटते. पोट्सडामचा एक कॉर्नर, एक उसळलेला चेंडू, की पुन्हा अतिरिक्त वेळ आणि पुन्हा पेनल्टी. डिकेनमान त्या दिवशी बाकावरून उठून आली होती. 85 व्या मिनिटाला तिनं दुसरा गोल मारला आणि सामना संपवला. ल्योंचं ते पहिलं युरोपियन विजेतेपद, आणि फ्रान्सच्या कुठल्याही महिला क्लबाचंही पहिलं. आज ल्योंच्या नावापुढे जी युरोपियन विजेतेपदांची रांग आहे, तिच्यातल्या पहिल्याच सामन्यात शेवटचा गोल एका स्विस मुलीचा आहे, तोही बदली खेळाडूचा.

2012 मध्ये म्युनिकला ल्योंनं फ्रँकफर्टला हरवून चषक राखला. 50 हजारांवर प्रेक्षक होते. फ्रँकफर्टकडे तेव्हा च्रनोगोर्चेविच होती, म्हणजे युरोपातल्या दोन सर्वोत्तम संघांत दोन स्विस खेळाडू. आणि स्वित्झर्लंडचा महिला संघ तोवर एकाही विश्वचषकाला किंवा युरोला पात्र ठरलेला नव्हता! ही विसंगती मला फार बोलकी वाटते. खेळाडू बाहेर जाऊन तयार होत होत्या, पण घरी संघ बांधणारं कोणी नव्हतं. 2011 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत इटलीनं त्यांना प्लेऑफमध्ये रोखलं होतं.

2012 मध्ये मार्टिना फॉस-टेक्लेनबुर्ग प्रशिक्षक म्हणून आल्या. स्वतः जर्मनीकडून शंभराहून जास्त सामने खेळलेल्या, परदेशी लीगमध्ये खेळणाऱ्या मुलींना एका साच्यात कसं बसवायचं याची जाण असलेल्या. त्यांच्या हाताखाली संघ 2015 च्या कॅनडातल्या विश्वचषकाला पोचला. लाराच्या पदार्पणाला तेव्हा 13 वर्षं झाली होती. गतविजेत्या जपानकडून 0-1, इक्वेडोरवर 10-1, कॅमेरूनकडून 1-2, आणि बाद फेरीत यजमान कॅनडाकडून 0-1 असा प्रवास. इक्वेडोरविरुद्ध फाबिएन हुमनं पाच मिनिटांत तीन गोल केले ते तुम्ही कुठंतरी वाचलं असेल. बाकी स्पर्धा आठवावी अशी नव्हती, पण दार उघडलं.

त्याच वर्षी लारा ल्यों सोडून जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गला गेली. 2013 च्या अंतिम सामन्यात ल्योंला हरवणारा हाच क्लब. इथं तिच्या खेळाचा नवा अवतार सुरू झाला. आक्रमण करणारी, गोल मारणारी खेळाडू आता बऱ्याचदा डाव्या बाजूनं मागे, लेफ्ट बॅक म्हणून खेळू लागली. तिशीनंतर वेग थोडा उतरतो, पण खेळ वाचायची नजर तयार झालेली असते. समोरची विंगर, म्हणजे कडेनं चढाई करणारी खेळाडू, कधी आत वळणार हे जिनं स्वतः विंगवर वर्षं काढलीत तिला आधी कळतं. संघात पेर्निल हार्डर, अलेक्झांड्रा पॉप, एवा पायोर अशा खेळाडू असताना पुढे जागा मागण्यापेक्षा मागची जागा पक्की करणं शहाणपणाचं होतं. (पुढे च्रनोगोर्चेविचनंही हेच केलं. मूळची स्ट्रायकर, बार्सिलोनात आणि राष्ट्रीय संघात ती राइट बॅक खेळली.) वोल्फ्सबुर्गनं 2017 ते 2020 सलग चार वेळा जर्मन लीग जिंकली, आणि 2016 पासून लारा निवृत्त होईपर्यंत जर्मन चषक दर वर्षी त्यांच्याकडेच राहिला. चँपियन्स लीग मात्र या क्लबाला तिच्या काळात मिळाली नाही. 2016, 2018 आणि 2020, तिन्ही अंतिम सामन्यांत आडवं आलं ते तिचं जुनं ल्योंच.

देशासाठी तिचा मला सगळ्यात आवडणारा क्षण 2017 च्या युरोमधला आहे. स्वित्झर्लंडचा तो पहिलाच महिला युरो. पहिला सामना ऑस्ट्रियाशी हरलेला. दुसऱ्यात आइसलँडनं आधी गोल केला. अजून एक पराभव म्हणजे गाशा गुंडाळणं. मध्यंतराला दोन मिनिटं असताना, 43 व्या मिनिटाला लारानं बरोबरी साधली, दुसऱ्या सत्रात बाखमानचा गोल, आणि 2-1. युरोमधला स्विस महिलांचा हा पहिला विजय. दुसरा विजय यायला 2025 उजाडलं, आणि योगायोग असा की समोर पुन्हा आइसलँडच होतं.

135 आंतरराष्ट्रीय सामने आणि 50 हून जास्त गोल अशा हिशेबानं तिनं 2019 मध्ये राष्ट्रीय संघ सोडला, 2021 मध्ये क्लब फुटबॉलही. शेवटच्या वर्षांत गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापतीनं बराच काळ खाल्ला. निवृत्तीनंतर ती झुरिचच्या ग्रासहॉपर क्लबात महिला विभागाची कारभारी झाली. ज्या घरच्या लीगमध्ये मुलीला थांबून चालत नव्हतं, तिथंच काम करायला परतली, याचं मला मनापासून कौतुक आहे.

कारकीर्द घडते कशी, या तुमच्या प्रश्नाचं आजचं उत्तर थोडं बदललंय. 2020 पासून स्विस लीगला नवं नाव आणि नवा प्रायोजक मिळाला, क्लब अधिक गंभीर झालेत. पण बाहेर जाणं अजून सुटलेलं नाही. 2025 च्या युरोतली कर्णधार लिया वेल्टी एमेनटालमधल्या लांगनाऊची. पोट्सडाम, मग सात वर्षं आर्सेनल, आता युव्हेंटस. सिडनी शेर्टेनलाइब 2024 मध्ये 17 व्या वर्षी ग्रासहॉपरमधून थेट बार्सिलोनाला गेली. फरक इतकाच की लाराला आधी महासागर ओलांडावा लागला होता. आता युरोपातच पाच-सहा देशांत रोजचा सराव आणि पगार दोन्ही मिळतं. अलिशा लेमनकडेही मी याच रांगेत पाहतो. बर्नच्या यंग बॉइज क्लबातून ती एकोणिसाव्या वर्षी इंग्लंडला वेस्ट हॅमकडे गेली. फोटोंच्या गर्दीत तिचा हा प्रवास दिसत नाही, पण आहे.

तुम्हाला पाहायचंच असेल तर आधी 2017 चा आइसलँड सामना पाहा. त्यात लारा संघाची मुख्य खेळाडू आहे, चेंडू सतत तिच्याकडे येतो. मग 2011 चा अंतिम सामना पाहा, निदान शेवटची पंचवीस मिनिटं. आणि वोल्फ्सबुर्गचा 2017-18 चा कुठलाही सामना मिळाला तर चेंडू सोडून फक्त डावी बाजू बघत राहा: हार्डर पुढे सुटली की मागची मोकळी जागा कोण भरतं ते. बाखमानबद्दल लिहायचं तर ते स्वतंत्रच लिहावं लागेल. कोणी विचारलं तर नक्की लिहीन.