मागच्याने ठोकलं, चूक त्याची. कारचा क्लेम कुणाच्या विम्यातून करायचा?

तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्ये मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभे असताना मागून एकाने ठोकलं. आता तो म्हणतोय आठ हजार घ्या आणि 'तक्रार नाही' असं लिहून द्या. तुम्हाला विचारायचंय की क्लेम तुमच्या विम्यातून करायचा की त्याच्या, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत, जाईल का.

आधी एकच सांगते, सही करू नका. बाकीचं नंतर.

फेब्रुवारी २०२१. द्राक्षांचा सीझन. अंबडहून कामावरून घरी येताना मी इंदिरानगर बोगद्याच्या रांगेत उभी होते, हँडब्रेक ओढलेला. मागून रिकामे क्रेट भरलेला पिकअप आला आणि डिकीत घुसला. त्या धक्क्याने माझी गाडी पुढच्या रिक्षाला लागली. रिक्षावाला उतरला तो थेट माझ्या अंगावर. माणसं जमली, पण पिकअपवाल्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. 'मॅडमनी एकदम ब्रेक मारला असेल.' अहो, उभी गाडी! चौदा वर्षं गाडी चालवत होते मी तोवर, एक ओरखडा नव्हता.

मिस्टर पुण्याला गेलेले. त्यांनी फोन करून मोठ्या दिरांना पाठवलं, ते सिडकोतून दहा मिनिटांत आले. भाऊजींनी मला गाडीत बसायला सांगितलं आणि पिकअपच्या मालकाशी चहाच्या टपरीवर बोलणी केली. गाडी माझ्या नावावर, लायसन्स माझं, पॉलिसी माझी, आणि मी काच वर करून आत बसलेली. सात हजारांवर ठरलं. त्यातले दोन हजार भाऊजींनी तिथेच रिक्षावाल्याच्या हातावर ठेवले. मालकाने बिलबुकाच्या पानावर लिहिलं, 'आपसात मिटले, पुढे कोणतीही तक्रार नाही.' भाऊजी म्हणाले, "सही कर आणि घरी जा. पोलिसांत गेलीस तर कोर्टाच्या खेपा घालत बसशील." मी सही केली. त्या सहीचा राग मला आजही येतो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने डिकी उघडली तर आतला पॅनेल वाकलेला. इस्टिमेट ५८,४००. मग माझ्याच पॉलिसीतून क्लेम केला. नुकसान तपासायला कंपनीचा सर्व्हेअर आला आणि त्याने दोनदा विचारलं, समोरच्याकडून काही घेतलंय का, काही लिहून दिलंय का? मी खरं ते सांगितलं. तेव्हा कळलं की कंपनी आपल्याला पैसे देते तेव्हा ते चूक करणाऱ्याकडून वसूल करायचा हक्क कंपनीकडे जातो, आणि 'तक्रार नाही' लिहून देऊन मी तो परस्पर सोडून दिला होता. रिक्षावाल्याला दिलेले दोन हजारही चुकीचे. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कुणाला पैसे द्यायचे नाहीत, कबूल करायचे नाहीत, ही अट पॉलिसीत छापलेली असते. माझा क्लेम त्यांनी नाकारला नाही हे माझं नशीब.

मंजूर झाले ३९,२००. झिरो डेप, म्हणजे भागांच्या वयामुळे होणारी कपात टाळणारं जादा संरक्षण, घेतलेलं नव्हतं, त्यामुळे बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच मिळाले, पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे घट, आणि वर सक्तीचे १,००० कापले. म्हणजे गॅरेजला खिशातून १९,२००. हातात आलेले पाच हजार वजा केले तरी १४,२००.

आता तुमचा बोनसचा प्रश्न. हो, जातो. चूक कुणाची हे तिथे कुणी बघत नाही, तुमच्या पॉलिसीतून क्लेम झाला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य. एनसीबी प्रोटेक्शन, म्हणजे हा बोनस वाचवणारं जादा संरक्षण, घेतलेलं असेल तरच वाचतो. मी ४५ टक्क्यांवर होते, पुढच्या वर्षी ५० झाले असते. त्याऐवजी ०, २०, २५, ३५, ४५ असं पुन्हा चढावं लागलं. ओडीचा (ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम वर्षाला दहा हजार धरला तर पाच वर्षांत साडेबारा हजार गेले. मी अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे हिशेब मांडून ठेवलाय: १४,२०० आणि १२,५००, एकूण २६,७००. भाऊजी आजही घरच्या कार्यात सांगतात, "हिचं प्रकरण मी जागेवर मिटवलं." हे असं मिटलं होतं.

थोडक्यात, गाडीची दुरुस्ती तुमच्याच पॉलिसीच्या ओन डॅमेजमधून होईल. तुमची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी (म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती) असेल तर तीही नाही. समोरच्याची कंपनी तुम्हाला घरी येऊन चेक देत नाही, त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. मालमत्तेच्या नुकसानीचा दावाही तिथे चालतो, कारच्या थर्ड पार्टी पॉलिसीत त्याला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. तुमच्या कंपनीने जे दिलं नाही तेवढंच तिथे मागायचं, एकच नुकसान दोनदा नाही. कायद्यात अर्जाला सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, म्हणून आजच पोलीस ठाण्यात जाऊन नोंद करा. 'कशाला उगाच' म्हणणारे घरात भेटतील, त्यांना घरीच ठेवा. त्याच्या गाडीच्या नंबरावरून विमा चालू आहे की नाही ते एम-परिवहन अ‍ॅपवर दिसतं. कंपनीला आजच कळवा, आणि सर्व्हे होईपर्यंत गॅरेजला हात लावू देऊ नका.

एक मात्र खरं, नुसत्या पत्र्याच्या नुकसानीसाठी न्यायाधिकरणात वेळ आणि वकिलाची फी दोन्ही जाते. पाच-दहा हजारांसाठी मी स्वतः गेले नसते. कुणाला लागलं असतं तर गोष्ट वेगळी, तिथे तडजोड मनातही आणायची नाही. आणि तुमचं बिल खरंच आठ-दहा हजारांत बसत असेल तर क्लेम करूच नका, बोनसमध्ये त्याहून जास्त जाऊ शकतं. मग त्याचे पैसे घ्यायला माझी हरकत नाही. पण आधी डिकी उघडून पूर्ण इस्टिमेट घ्या, बिल त्याला थेट गॅरेजला भरू द्या, आणि पावतीवर फक्त रक्कम लिहा.

भाऊजींची धाकटी मुलगी आता गंगापूर रोडला कॉलेजला कार घेऊन जाते. तिला मी सांगून ठेवलंय, कुणी ठोकलं तर आधी फोटो काढ, ११२ लाव, मग मला फोन कर. बाबांना संध्याकाळी सांग.